गुरुवारी पाणी बंद

चौदा महिने झाले.
चालींच्या वहीत शेवटची तारीख गेल्या वर्षीच्या पौषातली,
खाली ग म ध, आणि पुढे एक आडवी रेघ,
फोनवर बोलता बोलता आपण ओढतो तशी.

धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहते मी.
दिवसा पतपेढीत व्याजाचे आकडे जुळवते,
रात्री पेटी उघडते.
भाता हलतो, सा लागतो,
आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो,
कांदेपोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर
दोन्हीकडची माणसं बसतात तशा.
तिचा वरचा रे कधीचा गेलाय,
दाबला की नुसती हवा येते.

पूर्वी असं नव्हतं.
पीएमटीचं दार बंद होताना
मला कोमल निषाद ऐकू यायचा,
स्वारगेटपासून घरापर्यंत पुरायचा,
कुकरची तिसरी शिट्टी होईतो त्याचा मुखडा झालेला असायचा.
आता दार बंद होतं.
एवढंच.

सल्ले पुष्कळ आले.
वसुमती म्हणाली, पहाटे तळजाईवर जा, मोर असतात.
गेले. मोर ओरडला.
अगदी मोरासारखा ओरडला.
खाली उतरून मी अर्धा लिटर दूध घेतलं.
नाटकवाला ओजस म्हणाला, सरळ ब्रेक घे,
जणू इतके दिवस मी
दुसरं काही करत होते.

तरी बसते. का, ते विचारू नका.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिते:
सोम, सा. मंगळ, सा आणि थोडा प.
बुध, पाहुणे.
नंतर वाचलं तर कुणाला वाटेल
ही बाई कसलं तरी औषध घेत होती.

बुधवारच्या पेपरात चौकट आली:
गुरुवारी पाणी बंद,
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने.
पिंप भरलं, बादल्या भरल्या, कुकरसुद्धा भरला,
आणि गुरुवारी रात्री झोपताना
मोरीतला नळ सोडून ठेवला, खाली रिकामी बादली,
सगळेच ठेवतात तशी,
आलं की कळावं म्हणून.
त्याला कुणी जिद्द म्हणत नाही.
नळाला कुणी विचारत नाही, काय, सुचलं का काही?

खालच्या गल्लीत चावी फिरवायला खंडू मोहोळ येतो,
खांद्यावर त्याच्याहून लांब लोखंडी दांडा.
मागे एकदा त्याला विचारलं होतं,
पाण्याआधी नळ इतका खोकतो का रे?
"हवा असती ताई पायपात. पाणी तिला ढकलत येतं.
तोटी आवळून ठेवली तर ती जायाची कुठनं?"
एवढं बोलून तो पुढच्या झाकणाकडे गेला,
त्याला अजून अकरा चाव्या फिरवायच्या होत्या.

शुक्रवारी पाच दहाला मोरी खोकली.
जाग आली ती आलीच.
दिवा न लावता पेटी ओढली,
शेजारचे जोगळेकर उठतील म्हणून भाता अगदी हळू.
ग म ध.
बोट आपसूक वरच्या रेवर गेलं,
फुस्स.
आत नळाचंही फुस्स.
पुन्हा ग म ध, पुन्हा दोघांचं फुस्स,
आणि मला चक्क हसू आलं,
मग हसू आवरून पुन्हा तेच वाजवलं,
या वेळी ती हवा जाईपर्यंत थांबून,
मात्रा मोजून.
दीड मात्रा भरली.

रेघेच्या पुढे लिहून ठेवलं ते. तारीख घातली.
चाल म्हणता येणार नाही याला.
मुखडा तर नाहीच.
त्यातला मध्यम बहुतेक दुसऱ्याच कुणाचा असावा.

बादलीच्या बुडाशी आवाज सुरू झाला
तरी मी लगेच उठले नाही.
उशिरा आलं होतं, कमी दाबाने,
आणि चांगलंच गढूळ.

पहिली बादली आम्ही झाडांना घालतो.